पट्टा लावलेला भोपळा

सासूबाई खाली उतरल्या की गाडी बंद पडायची. बिघडली म्हणून नव्हे, ती बनवलीच तशी होती. सीटवरचं वजन हटलं की चाकं जखडायची, वजनकाटा विझायचा आणि गाडीतली न दिसणारी बाई गोड आवाजात सांगायची, "कृपया आसनावर बसा." पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटं.

"जावईबापू," तिसऱ्या दारापाशी सासूबाई म्हणाल्या, "मी बसूनच राहिले तर मागची वांगी कोण काढून देणार?"

जावईबापू शेजारी सायकल धरून उभे होते. शेतकऱ्याने आपला माल आपणच दारोदार विकावा म्हणून बॅटरीवरची ही छोटी तीनचाकी त्यांनी तीन वर्षं खपून तयार केली होती. चढ, चिखल, उन्हात माना टाकणारी पालेभाजी, सगळ्याचा विचार झाला होता. विकणाऱ्याला खाली उतरावं लागतं, एवढंच सुटलं होतं, कारण जावईबापूंनी उभ्या जन्मात मेथीची एक जुडीही विकली नव्हती.

"सुरक्षेचा नियम आहे तो, आई. कारखान्याच्या मॅडमनी स्वतः घातलाय."

"मग मॅडमनाच आणून बसवा."

मॅडम बारा वाजता येणारच होत्या. तोवर गाडीतला सगळा माल खपला तर अशा वीस गाड्या बनणार होत्या, पहिली सासूबाईंना. नाही खपला तर नकाशे कपाटात आणि जावईबापू पुन्हा पंख्यांच्या विभागात. सासूबाईंच्या गुडघ्यांनी तर हातगाडी ढकलायला केव्हाच नकार दिला होता. नऊ वाजले होते आणि आतापर्यंत खपल्या होत्या दोन काकड्या.

सासूबाईंची नजर मागे गेली. गवारीच्या पोत्याला टेकून त्यांच्या शेतातला यंदाचा सगळ्यात मोठा भोपळा बसला होता.

"किती वजन लागतं तुमच्या सीटला?"

"पंधरा किलो."

"हा अठरा आहे."

सीट दोघांपुरती होती. दोघांनी धापा टाकत भोपळा उचलून एका बाजूला ठेवला. सासूबाई उतरल्या, तरी गाडी जिवंत राहिली. मात्र टूं टूं असा आवाज यायला लागला.

"आता हिला काय झालं?"

"पट्टा, आई. बसलेल्याने पट्टा लावायला हवा."

सासूबाईंनी भोपळ्याला पट्टा लावला. "धन्यवाद," बाई म्हणाली. "आपला प्रवास सुखाचा होवो."

पुढच्या दारात निवृत्त गुरुजी राहत. त्यांनी भोपळ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, मग चष्म्यातून पाहिलं.

"हा कसा दिला?"

"तो द्यायचा नाही, गुरुजी."

"का बरं?"

सासूबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. "त्याच्यावर गाडी चालते," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. त्यांनी दोन किलो टोमॅटो घेतले आणि ते थेट शेजारच्या शिंपीणबाईंकडे गेले. गाडी कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत, भोपळ्यावर चालणारी गाडी आल्याची बातमी पुढच्या गल्लीत पोहोचली होती. माणसं दारं उघडून बाहेर आली. कुणी वाकून चाकांमध्ये बघितलं, कुणी भोपळ्याला हात लावून तो तापलाय का ते पाहिलं. "एका भोपळ्यात किती लांब जाते?" असं न्हाव्याने विचारलं, तेव्हा जावईबापू खुलासा करायला पुढे झाले. सासूबाईंनी त्यांच्या हातात गवारीची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही फक्त वजन करा."

नुसतं बघायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत फिरायचा संकोच वाटतो. वांगी संपली, गवार संपली, मेथीची तर काडी उरली नाही. पावणेबाराला जावईबापूंना इतका आनंद झाला की त्यांनी सायकलची घंटी उगाचच वाजवली. मग त्यांनी मालाची यादी काढली आणि त्यांचा चेहरा उतरला. शेवटची ओळ त्यांनीच लिहिली होती: भोपळा, एक.

तोच मॅडम आल्या. त्यांनी यादी वाचली, रिकाम्या टोपल्या पाहिल्या आणि पट्टा लावून बसलेल्या भोपळ्यापाशी थांबल्या.

"हा राहिला?"

"मी घेतो," गर्दीतून गुरुजी म्हणाले. "सकाळपासून मागतोय."

"मग अडलंय कुठे?"

जावईबापू पुढे झाले. "तो उतरवला की गाडी बंद पडते, मॅडम. काटाही. सीटवर कुणीतरी लागतं. आपला नियम आहे."

सासूबाईंनी शांतपणे पट्टा सोडला, जावयाच्या मदतीने भोपळा खाली घेतला आणि पदराने सीट पुसली.

"बसा, मॅडम. दोन मिनिटांचं काम आहे."

मॅडम बसल्या. पट्टाही लावला, कारण टूं टूं सुरू झालं होतं. पण अख्खा भोपळा गुरुजींना एकट्याला मिळतोय म्हटल्यावर शिंपीणबाई रागावल्या, न्हाव्याने आपला हक्क सांगितला, आणि शेवटी भोपळ्याच्या सोळा फोडी करायचं ठरलं. प्रत्येक फोड वेगळी काट्यावर चढली. पाचव्या फोडीला मॅडम उठायला गेल्या.

"उतरू नका," सगळी गल्ली एका सुरात म्हणाली.

अर्ध्या तासाने मॅडम उतरल्या तेव्हा त्यांचं नाक उन्हाने लाल झालं होतं. गाडी लगेच बंद पडली. "कृपया आसनावर बसा," बाई म्हणाली.

"तो नियम काढा," मॅडम जावईबापूंना म्हणाल्या.

"आणि वीस गाड्या, मॅडम?"

"नियम काढल्यावर."

नियम निघाला, वीस गाड्या रस्त्यावर आल्या. महिन्याभरात एकोणीस शेतकऱ्यांची एकच तक्रार आली: गाडी उत्तम आहे, पण भोपळा दिला नाही. उरलेली एक गाडी सासूबाईंची. त्या रोज सकाळी नवा भोपळा निवडून त्याला पट्टा लावत होत्या.

"आता कशाला, आई? आता गाडी त्याच्याशिवाय चालते."

"गाडी चालते हो," सासूबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक थांबत नाही."

जावईबापू रात्रभर विचार करण्याच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी दुपारीच नवा नकाशा काढला, चालकाच्या शेजारी एक गोल खोलगट जागा आखली, तिला पट्टा जोडला आणि धीर करून तो नकाशा मॅडमकडे पाठवला. संध्याकाळी तो सही होऊन परत आला. समासात मॅडमच्या बारीक अक्षरात एकच सूचना होती: या जागेवर छप्पर पुढे घ्या. तिथे फार ऊन लागतं.