हिरामणचे दातपाडे लाडू

संक्रांतीला पाच दिवस उरले होते आणि आनंदीबाई नेमकी तेव्हाच पोशीरला माहेरी निघाली. धाकटी बहीण बाळंत झाली होती, त्यामुळे जाऊ नको म्हणायची हिरामणची छाती नव्हती. बैलगाडीत बसता बसता तिने नवऱ्याला बजावलं, "अवो, मी येस्तवर त्या लाडवांच्या नादाला लागू नका. पाक म्हंजे भाताची पेज नाय, ढवळली की झाली!"

हिरामणने मान डोलावली. गाडी वळणाआड गेली आणि त्याने कोठीतून गुळाची ढेप बाहेर काढली.

ही प्लेगच्या आधीची गोष्ट. भिसेगावची भातशेती भावाच्या हवाली करून हिरामणने कर्जतच्या बाजारात किराणा दुकान घातलं होतं. संक्रांतीला तो तीळ आणि गूळ विकायचा, लाडू लोक आपापल्या घरी वळायचे. यंदा मात्र आपण तयार लाडूच विकायचे असं त्याने ठरवलं होतं आणि ते बाजारभर सांगूनही टाकलं होतं. आनंदीबाईला ते बिलकूल पसंत नव्हतं. "विकतचा तिळगूळ कोन घेईल? लोक इचारतील, घरात बाई नाय का वळाया?" पण कचेरीतले अव्वल कारकून रावसाहेब यांच्या घरून नामा शिपाई निरोप घेऊन आला: बाईसाहेबांचं हळदीकुंकू आहे, दोनशे लाडू लागतील. तेव्हापासून हिरामणचे पाय जमिनीला लागत नव्हते. लाडू चांगले उतरले तर सगळी कचेरी आपल्या दुकानी येणार, आणि बिघडले तर बाजारात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

दुकान पुढे, चूल मागे आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. हिरामणने कढईत गूळ घातला. तो विरघळतोय तोच पुढून हाक आली, "हिरामणा, मीठ दे रं!" तो मीठ देऊन आला, तर पाकाला फेस आलेला. तीळ भाजायला घेतले, तर कुणीतरी डाळीला आलं. डाळ जोखून परत येईतो पाक काळपट झाला होता. त्याने त्यात पाणी ओतलं. पाणी जास्त वाटलं म्हणून आणखी गूळ घातला. तेवढ्यात हिंगाला गिऱ्हाईक. असं किती वेळा झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. शेवटी तळवे भाजून घेत त्याने एकदाचे तीनेकशे लाडू वळले.

दिसायला लाडू फक्कड झाले होते. गोल, तांबूस, चकचकीत. एक लाडू हातातून निसटून खाली पडला. लाडवाला काही झालं नाही, सारवलेल्या जमिनीला मात्र खळगा पडला. 'माल टिकाऊ झाला,' असं मनाशी म्हणत हिरामण समाधानाने हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परात दुकानात मांडली तेव्हा पहिल्या आल्या भागूबाई. त्यांनी एक लाडू उचलला, दाताखाली धरला, काढला, उलटा धरला, पुन्हा काढला.

"हिरामणा, ह्याला सुरुवात कुठनं करायची रं?"

"जरा जोर लावा, काकू."

"माजा जोर संपला. आमच्या बैलांना दे, त्यांना दात चांगले हायेत."

मागून आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने लाडू कानाशी हलवून पाहिला आणि आत काही वाजत नाही अशी तक्रार केली. दुसऱ्याने तो तागडीत टाकून पाहिला आणि आपल्या घरचं वजन हरवलंय, त्याच्या जागी हा चालेल, असं सांगितलं. हिरामणने परात जरा आत ओढली. फुकट चाखायला देऊन आपण नको ती मतं ओढवून घेतली, असं त्याला वाटायला लागलं.

एवढ्यात अंबाबाई आली. बाजारात तिच्या तोंडाला सगळे वचकून असत, आणि दसऱ्यापासून तर तिची दाढ ठणकत होती, त्यामुळे ती जास्तच चिडखोर झाली होती. लवंग झाली, बिब्बा झाला, मंतरलेला दोराही कानाला बांधून झाला होता.

"तुजे लाडू खाऊ नका म्हनं!" ती म्हणाली. "दे हिकडं. मी लोखंडाचे चने खाल्लेली बाई हाय."

"आत्या, जपून..." हिरामण म्हणेपर्यंत तिने लाडू तोंडात टाकून जबडा मिटला होता.

कट्ट असा आवाज झाला. अंबाबाईचे डोळे विस्फारले. तिने लाडू बाहेर काढला, तर त्यात तिची दाढ रुतून बसलेली.

मग अंबाबाईने जी बोंब ठोकली, ती ऐकून समोरचा टांगेवाला घोडा सोडून धावत आला. "मारलं रं मला! ह्या मेल्यानं माजं तोंड फोडलं! कचेरीत चला, सगळी चला!" हिरामण हात जोडून उभा होता. रावसाहेबांच्या समोर आता लाडवांऐवजी आपणच हजर होणार, हे त्याला दिसू लागलं.

शिव्या देता देता अंबाबाई मध्येच थांबली. तिने गालावर हात ठेवला. गाल दाबून पाहिला. चूळ भरली. पुन्हा दाबला.

"अगं बया," ती हळूच म्हणाली, "ठनका गेला की गं!"

दुपारपर्यंत ही बातमी बाजारात पसरली आणि दुसऱ्या दिवशी गावोगावची माणसं गाल धरून दुकानापुढे येऊ लागली. कर्जतात दात काढायचा म्हणजे न्हाव्याकडे जावं लागे, आणि त्याचा चिमटा पाहूनच निम्मी माणसं बरी होत. त्यापेक्षा लाडू बरा; निदान गोड तरी लागे. सगळ्यांचाच दात निघे असं नव्हे. एकाचा दुखरा राहून शेजारचा निघाला. तो भांडायला आला आणि दुखऱ्यासाठी दुसरा लाडू घेऊन गेला. मतं तर रोज नवी. कुणी म्हणे डाव्या बाजूने चावावा, कुणी म्हणे आधी कोमट पाण्याने चूळ भरावी. अंबाबाई ओट्यावर ठाण मांडून बसायची आणि येणाऱ्याला लाडू तोंडात कसा धरायचा ते स्वतः दाखवायची.

डोंगरातल्या ठाकरवाडीची मंगळी मध विकायला खाली आली होती. तिचे दात शाबूत होते. तिनेही एक लाडू नेला आणि दोन दिवसांनी येऊन आणखी पाच सांगून ठेवले.

"चावलास कसा गं?" हिरामणने विचारलं.

"चावाया कशाला पायजे, शेट? गालात ठेवला न् चालाया लागले. सगळी चढन सरली तरी निम्मा व्हता. तुमी लोक खायाची लई घाई करता."

हिरामणला हे मत फार आवडलं. त्याने ते पुढच्या चार गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून सांगितलं.

संक्रांत होऊन तीन दिवसांनी आनंदीबाई परतली. दुकानापुढची गर्दी पाहून तिला आधी वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. तिने परातीतला लाडू उचलून उंबऱ्यावर आपटला, उंबऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"ह्यो तिळगूळ हाय?"

"लोकांना आवडतोय गं."

"लोकांचे दात पाडताय आन वर आवडतोय म्हनता! उद्या बाईसाहेबांच्या हळदीकुंकवाला बायका हातात दात घेऊन घरी जातील. व्हा बाजूला."

तिने पदर खोचला आणि सूर्य मावळायच्या आत दोनशेच्या वर लाडू वळले. मऊ, खुसखुशीत, वेलदोड्याच्या वासाचे. सकाळी नामा शिपाई टोपली उचलायला आला. चव घेऊन त्याने मान डोलावली आणि टोपली डोक्यावर घेतली, पण जागचा हलेना.

"काय रं, आनखी काय?" आनंदीबाईने विचारलं.

नामाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाईसाहेबांना नरम पायजेत, ते नेतो. पन सायबांनी येक मागवलाय. कडक. चार रात्री झोप नाय त्यांना. बाईसाहेबांना कळता कामा नाय, त्या म्हनतात पुण्याला जाऊन डागदराला दाखवा."

परात रिकामी होती. शेवटचे पाच मंगळी पहाटेच घेऊन गेली होती. ओट्यावर आणखी चौघं गाल बांधून बसले होते. आनंदीबाईने त्यांच्यापुढे आपले उरलेले लाडू ठेवले. त्यांच्यातल्या भागूबाईंनी एक चाखला.

"झ्याक झालाय गं. पन असा तर आमच्या घरी बी व्हतो. तुज्या नवऱ्याचा कुठं हाय?"

आनंदीबाईच्या कपाळाची शीर उडाली. "त्यात काय मोठं! आत्ता करून देते." तिने पाक चढवला. मुद्दाम जास्त आटवला. पण बिघडायच्या घडीला तिचा हात आपोआप कढईकडे जाई आणि कढई खाली उतरे. लाडू खुसखुशीतच झाला. दुसऱ्यांदा केला, तोही तसाच. तिसऱ्यांदा तर पहिल्यापेक्षा सरस. तिने उलथनं नवऱ्यापुढे टाकलं. "तुमीच करा. कसा केला व्हता?"

"गूळ घातला..." हिरामण आठवू लागला. "मग मीठ. म्हंजे, मीठ द्याया गेलो. मग डाळ. पानी कदी घातलं, हिंगाच्या आदी का मागनं..."

तो चुलीपुढे बसला. आज त्याला कुणी हाक मारली नाही. नामाने सगळ्यांना गप्प बसवलं होतं. हिरामणने पाकावरची नजर हलू दिली नाही, तीळ करपू दिले नाहीत, कढई वेळेवर उतरवली. लाडू वळला, फुंकर घातली आणि बायकोच्या हातावर ठेवला.

आनंदीबाईने तो जपून दातांखाली धरला. लाडू अलगद फुटला. ती सावकाश चावत राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि त्याच्या हातचं काही तिने पहिल्यांदाच संपवलं.

"चांगला झालाय," ती म्हणाली आणि तिने दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

हिरामणने तोंड दोन्ही हातांत लपवलं. "आता गं?"

"आता काय," पदराला हात पुसत आनंदीबाई म्हणाली, "बाहेर जावा आन सांगा त्यांना, कडक लाडू सरले, न्हावी त्याच्या घरीच हाय म्हनून."