करमाडच्या माणसाची खाज

सांडूनाना कुलरसमोर बसत नाहीत, उभे राहतात. पाय फाकवून, लुंगीची दोन टोकं दोन हातांत धरून, तोंड कुलरकडे आणि पाठ आलेल्या पाहुण्याकडे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, योगासन असेल. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा काय वाटून घ्यावं तेच कळेना.

मुकुंदवाडीत नाना आमच्या शेजारी एकटेच राहतात. शेंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. यमुनाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, मागच्या उन्हाळ्यात गेल्या. नानांच्या बोलण्याची सुरुवात ठरलेली: "बात अशी हाय की..." आणि बात काही येत नाही. कांद्याचा भाव येतो, नळाला पाणी कधी सुटणार ते येतं, बात राहते बाजूला. मी बँकेतला माणूस, मला एका वाक्यात मुद्दा लागतो. नानांपुढे माझं डोकं भणभणतं.

दुखणं कसलंही असो, नानांचं निदान एकच, फिटरचं: काहीतरी कशावर तरी घासतंय. "रगड बसली. वंगण पायजे." दार करकरलं, वंगण. माझा गुडघा धरला, वंगण. बायकोचं आणि माझ्या बहिणीचं वाजलं, तेव्हासुद्धा नाना गंभीरपणे म्हणाले, "दोघींची रगड बसली, भाऊ." त्यावर वंगण कुठून आणायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

एका संध्याकाळी नाना घरी आले. खुर्ची पुढे केली तरी बसेनात.

"बात अशी हाय की, आमच्या करमाडचा एक माणूस हाय."

"बरं."

"त्याला खाज हाय."

"कुठे?"

नानांनी आधी पंख्याकडे पाहिलं. मग बायको स्वयंपाकघरात असल्याची खात्री केली आणि मान खाली झुकवून लुंगीकडे इशारा केला. "पुढच्या अंगाला. जांघंत आन् समदीकडं. लाललाल."

आता माझी पंचाईत. पस्तीस वर्षांच्या शेजारात आम्ही कधी एकमेकांचं वजनही विचारलेलं नाही! पण नाना सुटलेच. करमाडच्या माणसानं म्हणे आधी अंगाच्या साबणानं घासलं. मग कपड्याच्या साबणानं. मग फरशी पुसायचं औषध पाण्यात टाकून धुतलं. आग आग झाली म्हणून खोबरेल चोपडलं, आणि त्यावर पावडर मारली. "नुसता चिखल झाला, भाऊ." शेवटी मेडिकलवाल्याकडं गेला. त्यानं काही न बघता, न विचारता एक ट्यूब दिली. लावली की गार, सोडली की दुप्पट.

"मग?"

"मंग त्यानं डबल लावली."

मला सगळा गोंधळच वाटत होता. करमाडच्या माणसाची इतकी बारीकसारीक माहिती यांना कशी? आणि एकदम डोक्यात उजेड पडला. "नाना, हा करमाडचा माणूस कुलरसमोर उभा राहतो का हो?"

नानांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. "व्हय."

मला हसू फुटणार होतं, पण नानांचे डोळे भरलेले दिसले. "भाऊ, मी कुठं गेलो नाय, आलो नाय. यमुनाबिगर कुण्या बाईकडं मान वर करून पायलं नाय. आन् ठेसनाच्या भिंतीवर लिवलंय ना, गुप्तरोग म्हणून, तसलंच निघालं तर? लोक म्हणतील, बायको गेली आन् म्हातारा सुटला. वर गेल्यावर मी तिला काय तोंड दाखवू?"

म्हणजे वर्षभर हा माणूस खाजेपेक्षा या भीतीनं होरपळत होता. मला स्वतःचाच राग आला. भिंतीपलीकडे राहतो मी.

दुसऱ्या दिवशी त्यांना धरून कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. पाटीवर बाईचं नाव बघून नाना जागच्या जागी वळले. मी कोपर पकडलं. "नाना, त्या दिवसभर हेच बघतात." "लेकीच्या वयाची असली तर?" होतीच लेकीच्या वयाची. पण तिनं पडद्यामागं अगदी साधेपणानं तपासलं आणि हात धुता धुता म्हणाली, "काका, ही बुरशी आहे. ओल आणि घाम राहिला की होते. वर तुम्ही साबण आणि औषधांनी कातडी सोलून काढली. त्या ट्यूबनं तर आणखी चिघळलं."

"म्हंजी तसलं नाय?"

"नाही हो काका, तसलं काही नाही."

नानांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. डॉक्टरीण सांगत होती: ती ट्यूब बंद. साध्या पाण्यानं धुवायचं, न घासता टिपून कोरडं करायचं. सैल, सुती चड्डी. मी देते ते मलम, खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत. साखर तपासून घ्या, ती वाढली तरी असं होतं. (ती नंतर बरी निघाली.) मग तिनं सहज विचारलं, "आतले कपडे वाळवता कुठे?"

"मोरीत."

"मोरीत? उन्हात का नाही? गच्ची नाही का?"

"हाय की. पण तिथं बाया असत्यात."

"मग आधी कुठे वाळायचे?"

नाना हातातल्या टोपीची शिवण चाचपत राहिले. "लुगड्याखाली."

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. मग नानांनीच सांगितलं. यमुनाबाई दोरीवर आधी नानांची चड्डी-बनियन घालायच्या आणि वरून स्वतःचं लुगडं पसरायच्या. ऊन लागायचं, दिसायचं काही नाही. "इतकी वर्सं माझी चड्डी कुणी पायली नाय, बाई. आता झाकायला काय हाय?" म्हणून वर्षभर हा माणूस मोरीतली दमट चड्डी तशीच अंगात घालत होता!

"टॉवेल टाका वरून," मी म्हणालो. नानांनी टोपी डोक्यावर चढवली.

नानांची खाज हळूहळू गेली. ते खुर्चीवर बसायला लागले. पण गल्लीत वेगळंच सुरू झालं. बायको एका रविवारी गच्चीवरून धापा टाकत आली. "अहो, नानांच्या दोरीवर परवा लुगडं होतं, आज परत बादलीत आहे! हिरवं! कुणी बाई आणली की काय?" म्हणजे ज्या बोलण्याला म्हातारा भीत होता, तेच झालं. मी तडक आमच्या सामाईक गच्चीवर गेलो.

नाना बादलीतून ओलं हिरवं लुगडं काढत होते. दोरीवर खाली चड्ड्या ओळीनं लागलेल्या. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, आणि हा माणूस कपाटातलं स्वच्छ लुगडं भिजवत होता.

"अहो, कोरडंच टाका ना!"

"कोरडं वाऱ्यानं उडतं. आन् तिनं कवा कोरडं टाकलं व्हतं?"

"नाना, खाली बायका बोलतायत. घरात कोण बाई आलीय म्हणून."

मला वाटलं, म्हातारा आता हबकणार. नानांनी काठ झटकून सरळ केला.

"बोलू द्या. बाईच आलीय. माझीच हाय." आणि लुगड्याचं एक टोक माझ्यापुढं केलं. "धरा जरा तिकडून. एकट्याला पिळवत नाय."

मी टोक धरलं.