पायलट परब हजर

रोज सकाळी क्रेनवर चढण्याआधी आमचा परब तिच्यासमोर ताठ उभा राहतो आणि तिला स्वतःचं नाव सांगतो. "पायलट परब हजर." मग पायरीवर बसून पायातले धुळीचे बूट काढतो, पिशवीतली दुसरी, स्वच्छ जोडी चढवतो आणि केबिनमध्ये जातो. मी लिफ्टिंगचा इंजिनियर. हातात परमिटचे कागद घेऊन हा विधी संपण्याची वाट बघत कुवेतच्या उन्हात भाजत असतो.

त्याला क्रेन ऑपरेटर म्हटलेलं खपत नाही. "ऑपरेटर लिफ्टीत असता. मी पायलट."

हे खूळ एका जपानी कार्टूनमधून आलंय. त्यात सात मजली रोबोट असतो आणि त्याच्या डोक्यात बसून त्याला चालवणारा एक पायलट. तो आत शिरताना बूट काढतो, रोबोटला आपलं नाव सांगतो, आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी खाली ओरडून विचारतो, पायाखाली कोणी नाही ना? परबाने हे सगळं जसंच्या तसं उचललं. बूट मात्र नुसते काढून भागेना, कारण सेफ्टी ऑफिसरने एकदा त्याला मोज्यांवर पकडून तासभर झापलं. तेव्हापासून ती दुसरी जोडी.

नवीन होतो तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "चाळिशीला आलास, कार्टून कसली बघतोस?" त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

"साहेबानू, आमचो वेतोबा बघलात कधी? गावाची राखण करीत फिरता, म्हणान लोक तेका एवढी मोठी पायताणां वाहतत. तसोच ह्यो जपानचो वेतोबा. फक्त हेच्या टाळक्यात बसाक जागा आसा."

मी नाशिकचा, कोकणातल्या देवाबद्दल मी काय बोलणार? क्रेनच्या पायांखाली जाड लाकडी फळ्या घालतात, त्यांना परबाचं ऐकून आमच्या साइटवर माल बांधणारे केरळचे आणि बिहारचे रिगरसुद्धा आता पायताणं म्हणतात. एकदा परमिटवर मी स्वतःच्या हाताने तसं लिहिलं आणि सही घ्यायला गेल्यावर माझी शोभा झाली.

शिवाय प्रत्येक वेळी माल उचलण्याआधी रेडिओवर त्याचा प्रश्न यायचा, "पायांत कोण नाय मां?" दिवसातून वीसदा. मी वर न बघताच सांगायचो, "नाही रे बाबा, उचल."

त्या गुरुवारीही तेच सांगितलं. दुरुस्तीसाठी प्लांट बंद होता. एक जड पंप उचलून जागेवर ठेवायचा होता, आणि उन्हाळ्यात अकरा वाजले की उघड्यावरचं काम कायद्याने बंद. अकराला दहा मिनिटं कमी होती. पंप झुलू नये म्हणून त्याला बांधलेल्या दोरीचं उरलेलं वेटोळं माझ्या पायाशी पडलं होतं. पंप हळूहळू वर निघाला आणि मध्येच थांबला.

मी मागे वळून पाहिलं. आमचा बांगलादेशी चहावाला ट्रे जमिनीवर ठेवून, दोन्ही हात आडवे पसरून उभा होता. थांबा ही खूण कोणीही करावी आणि ऑपरेटरने काही न विचारता थांबावं, हा नियम आमच्याकडे भिंतीभिंतीवर लिहिलेला आहे. पण चहावाल्यासाठी तो पाळलेला मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

मी रेडिओवर तडकलो. "चहावाला हात करतो आणि तू क्रेन थांबवतोस? वेळ किती उरलाय कळतं का?"

"साहेबानू, खाली बघा."

वेटोळ्यातला एक फास माझ्या डाव्या बुटाभोवती बसला होता. दोरी जेमतेम वीतभर सैल उरली होती. पंप आणखी थोडा वर गेला असता, तर त्याच्यामागोमाग मीही उलटा लटकत गेलो असतो. मी तिथेच बसलो.

परब पंप पुन्हा जमिनीवर टेकवून खाली आला, आधी बूट बदलले, मग माझा पाय सोडवला. सेफ्टी ऑफिसरला एवढंच म्हणाला, "दोरी अडाकली हुती." कोणाच्या पायात, ते बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. चहावाल्याला पेढ्यांचा एक पुडा पोचवून, दुसरा घेऊन मी फरवानियातल्या माझ्या घरून जलीब भागात परबाच्या खोलीवर गेलो. आभार कसे मानायचे याची वाटेत तयारी केली होती, ती दारातच विसरलो. सहा खाटांच्या त्या खोलीत तो एकटाच होता. टॅबवर कार्टून लावून थांबवलेलं, दुधाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, आणि मोबाइलच्या पडद्यावर एक रिकामी खुर्ची.

"चेडू माझा. जेवान इला की बसतला," तो म्हणाला. "थय ता लावता, हय मी. एकदमच सुरू करतो."

मग त्याने सांगितलं. तो इथे आला तेव्हा मुलगी पाच वर्षांची. बाबा घरी का येत नाही म्हणून फोनवर रडायची. तेव्हा टीव्हीवर ते कार्टून लागायचं.

"मी सांगलंय, बाबा पायलट झालो, तेका खाली उतराक गावणा नाय. मगे ता रोज विचारी, रोबोट केवढो, खयचो बटण दाबतंस. उत्तरां देवक नको? म्हणान बघूक लागलंय."

"आणि आता?"

"आता मेकॅनिकल शिकता. क्रेन म्हणजे काय, ता माझ्यापेक्षा जास्ती म्हायत आसा तेका." तो हसला. "तरी दर शुक्रवारी विचारता."

पंधरा वर्षं. मी एवढे दिवस ह्याला खुळा म्हणत होतो.

तेवढ्यात खुर्चीत मुलगी येऊन बसली आणि दोघांनी एकदमच कार्टून सुरू केलं. "पायलट, ह्या आठवड्यात कोणाक वाचयलंस?"

परबाने आजवर तिला जहाजं वाचवल्याचं सांगितलं होतं, गावं वाचवल्याचं सांगितलं होतं, एकदा अख्खी शाळा. आज प्रथमच त्याच्याजवळ खरं उत्तर होतं. त्याने माझ्याकडे एक नजर टाकली.

"ह्या आठवड्यात कोण नाय गो. एक पंप हुतो."

माझी लाज राखायला तो लेकीसमोर रिकाम्या हाताने बसला होता. मला राहवेना. मी मोबाइलसमोर वाकलो.

"मला," मी म्हणालो. "काल मला वाचवलं तुझ्या बाबांनी. मी आज दोन पायांवर चालत इथे आलो, तो त्यांच्यामुळे."

पलीकडे ती खुर्चीत पुढे सरकली. या वेळी तिने पायलट म्हटलं नाही.

"बाबा, खरांच?"

टॅबवर रोबोट पाऊल उचलायच्या बेतात होता. परबाने हात लांब करून त्याला थांबवलं.