अकरा तोंडांचा चार्जर

मोहाडीचे निवृत्त विणकर श्यामराव सोनकुसरे यांच्या कानाच्या मशीनची चार्जिंगची वायर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी उंदराने कुरतडली. या घटनेची नोंद आमच्या कक्षात आवक क्रमांक चारवर आहे. एक ते तीन क्रमांकांवर आमचीच नेमणूकपत्रं होती.

मी तालुका इ-कचरा घट कक्षाचा कनिष्ठ लिपिक. कक्ष म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि अध्यक्ष गोपाळराव. वरून परिपत्रक आलं होतं: उपकरणं टिकाऊ असावीत, दुरुस्त करता यावीत, आणि सगळ्यांना एकच चार्जर चालावा, म्हणजे कचरा कमी होईल. परिपत्रकात चूक काहीच नव्हती. फक्त ते आमच्याकडे आलं.

वायर घेऊन आल्या त्या श्यामरावांच्या पत्नी गिरजाबाई. मागे श्यामराव. मशीन सरकारी शिबिरात फुकट मिळालेली, आणि तिच्या डब्यावर छापलं होतं, 'बिघाड झाल्यास संबंधित कार्यालयास कळवावे.' सरकारची वस्तू दुसऱ्याच्या हाती कशी द्यायची, म्हणून बाई बाजारातल्या जागेश्वरची टपरी ओलांडून थेट आमच्याकडे आल्या. जागेश्वर रेडिओपासून फवारणी पंपापर्यंत सगळं दुरुस्त करतो. बाईंची चूक म्हणाल तर एवढीच.

"चाळीस वर्सं हे मागावर बसले जी," गिरजाबाई म्हणाल्या. "त्या खटखटीत माहं बोलनं याहिले कधी आयकूच आलं नाही. मी बाजूले सुताच्या कांड्या भरत बोलत राहो, हे 'हो' म्हनत राहेत. मंग कानच गेले. मशीन भेटली तवापासून रोज संध्याकाळी पहिल्यापासून सांगून राहिलो मी सारं. मोनिकाच्या जन्मापरेंत आलो होतो, अन् उंदरानं वायर खाल्ली."

मोनिका म्हणजे त्यांची थोरली लेक. तिच्याच लग्नाला आता वीस वर्षं झाली आहेत, म्हणजे सांगायचं बरंच बाकी होतं.

"हो," श्यामराव म्हणाले.

प्रकरण मला फार आवडलं. परिपत्रकात जे लिहिलं होतं, तेच समोर उभं होतं. मी वायर 'नमुना क्रमांक एक' म्हणून ताब्यात घेतली, लिफाफ्यात घातली, लाख लावली. मशीन मात्र बाईंनी दिली नाही. ती त्यांनी पदराच्या गाठीत बांधली.

मग समिती झाली. सदस्य सात. प्रत्येकाने आपापली उपकरणं घेऊन यावीत आणि त्यातून तालुक्याचं एक सामाईक मानक ठरवावं, असा विषय होता. अंगणवाडीच्या प्रतिनिधी कुसुमताई म्हणाल्या, "ज्या तोंडाचा चार्जर सगळ्यात जास्त लोकायकडे आहे, तोच धरा ना." इतिवृत्तात मी याची नोंद 'विषयांतर' अशी घेतली.

"माह्या फोनले बारा वर्सं झाले," गोपाळराव म्हणाले. "त्याचं तोंड गोल आहे. मानकात गोल तोंड नसन, त माही सही होनार नाही."

मग कोणाचीच सही होईना. पंपवाल्या सदस्याला पंपाचं तोंड हवं होतं, विजेच्या मीटरवाल्याला रीडिंगच्या मशीनचं, आणि एकाला तर दाढीच्या मशीनचं. लोकशाही आहे, कोणाचं तोंड बंद करता येत नाही. शेवटी सगळी तोंडं घेतली. अकरा भरली. कानाच्या मशीनचं तोंड तेवढं राहिलं, कारण श्यामराव सदस्य नव्हते.

नागपूरहून तयार होऊन आलेल्या मोहाडी मानकाचं, म्हणजे अकरा तोंडांच्या त्या चार्जरचं, वजन अडीच किलो होतं. कोणी उघडून बिघडवू नये म्हणून खोका चारी बाजूंनी चिकटवलेला होता. सोबतच्या कागदावर सूचना होती की, कोणतंही एक तोंड बंद पडल्यास संपूर्ण संच फेकून नवा घ्यावा. त्याचा स्वतःचा प्लग भिंतीतल्या कुठल्याही सॉकेटात बसत नव्हता. त्यासाठी वेगळा जोड मंजूर करावा लागला.

मानक आलं, म्हणजे जुने चार्जर आपोआप मानकबाह्य झाले. ते जमा करायचे ठरले. प्रत्येक गावाला पन्नास नगांचं उद्दिष्ट दिलं. कचरा कमी झाला हे दाखवायचं तर आधी कचरा असावा लागतो, आणि आमच्या खेड्यांत तो निघेना. लोक वायरीला चिंधी गुंडाळून वर्षानुवर्षं वापरतात, जागरूकता नाही. मग गावोगावच्या सचिवांनी भंडाऱ्याच्या दुकानातून कोरे चार्जर विकत आणून जमा केले. पुठ्ठ्याची खोकी आम्ही परत केली. पुठ्ठा आमच्या कक्षाकडे येत नाही.

तरी एकशे चाळीस नग कमी पडत होते. ते जागेश्वरच्या टपरीत एका पत्र्याच्या डब्यात सापडले.

"साहेब, हा कचरा नोहोय," जागेश्वर म्हणाला. "हे माहं दुकान आहे."

"दुकान असतं, तर बोर्ड असता," मी म्हणालो.

त्याला 'उत्कृष्ट योगदान' असं प्रमाणपत्र दिलं, लॅमिनेट करून. पोती पुलापलीकडे कारध्याच्या एका गोदामात गेली आणि गोदामाला सील लागलं.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई जागेश्वरला घेऊनच आल्या. श्यामरावही होते.

"वायर देऊन टाका जी," जागेश्वर म्हणाला. "दोन तार जोडाच्या आहेत. पाच मिनिटाचं काम."

"नमुना आहे. लाख लावली आहे."

"मंग माह्या डब्यात या तोंडाची वायर होती. ते द्या."

"ती वायर आता आकडेवारीत आहे," मी समजावून सांगितलं. "ती काढली तर तालुका उद्दिष्टाच्या खाली जातो."

गिरजाबाईंनी पदराची गाठ घट्ट केली. मग त्या श्यामरावांकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "चला, काही होत नाही इथं."

"हो," श्यामराव म्हणाले. तेवढं त्यांना ऐकल्याशिवायच समजलं असावं.

आमच्या कक्षाला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. भंडाऱ्याला समारंभ झाला. पहिले लाभार्थी म्हणून श्यामरावांना मंचावर बसवलं, हार घातला. पाहुण्यांनी इ-कचऱ्यावर पाऊण तास भाषण केलं आणि श्यामरावांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मग मोहाडी मानक त्यांच्या मांडीवर ठेवण्यात आलं. त्यांना ते उचलवेना, म्हणून दोघांनी धरलं.

गिरजाबाई पायऱ्या चढून वर आल्या. पदराची गाठ सोडली, मशीन काढली आणि अकराही तोंडं एकेक करून लावून पाहिली.

"एकबी बसत नाही जी."

"बाई, मानक बरोबर आहे," गोपाळराव हसून म्हणाले. "मशीन मानकाबाहेरची आहे. ते जमा करा, नवी भेटन."

"कवा?"

"या मशीनीचा कचरा झाला की."

"पन हे त चांगली आहे."

"मंग तक्रार कायची आहे?"

यावर सभागृहाने टाळ्या वाजवल्या. श्यामरावांनीही वाजवल्या. गिरजाबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं, आणि त्या दिवसापासून त्या कक्षात आलेल्या नाहीत. प्रकरण 'समाधानकारकरीत्या निकाली' असं मी लिहिलं.

त्यानंतरच्या रविवारी घरी रिमोटचे सेल शोधताना मी टीव्हीखालचा खण उघडला. खणात सतरा वायरी होत्या. कोणत्या फोनच्या, कोणत्या सालच्या, देव जाणे. त्यातल्या एका वायरीचं तोंड मी लगेच ओळखलं, कारण नमुना क्रमांक एकचं चित्र फायलीत मीच काढलं होतं. चार्जर जमा करताना कक्षाने सगळ्यांकडून भरून घेतलेल्या 'माझ्या घरी एकही जुनी वायर नाही' या घोषणापत्रावरची सहीही माझीच. आता ती वायर नेऊन दिली, तर सही खोटी ठरते. मला वाईट वाटलं, खोटं सांगत नाही. मी खण लावून घेतला.

तुम्ही एवढं नाक मुरडू नका. तुमच्या घरी तोच खण आहे, टीव्हीखाली नसेल तर कपाटात, आणि त्यात काय काय आहे ते तुम्हालाही सांगता येणार नाही. तशी एक वायर त्यातही निघेल. भंडाऱ्याहून मोहाडीला बस आहे, आणि तुम्ही तर कशावर सहीही केलेली नाही. गिरजाबाई अजून मोनिकाच्या जन्मापाशीच थांबल्या आहेत. पण तुम्ही खण उघडाल, वायर हातात घ्याल, आणि परत ठेवून द्याल. राहू दे, कधी तरी कामी येईल.