नळसाहेबांनी गाडी उघडली

“इंजिन म्हणजे तरी काय हो? शेवटी नळच! इकडून पेट्रोल आत, तिकडून धूर बाहेर. मधे काय ती थोडी आदळआपट!”

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, चहाच्या चमच्याने हवेत इंजिन काढून दाखवत नळसाहेबांनी हे जाहीर केलं. पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं काढल्यामुळे सगळे त्यांना नळसाहेबच म्हणायचे. कुणाच्या घरी पाणी येईनासं झालं की साहेब यायचे, भिंतीला कान लावायचे आणि “इथे तुंबलंय!” म्हणून बोट ठेवायचे. फोडून बघावं तर तिथेच तुंबलेलं असायचं! अशा माणसाला जगातलं कुठलं यंत्र अवघड वाटणार?

आणि यंत्र घरातच होतं. गॅरेजमध्ये एका विटक्या चादरीखाली त्यांची मोटरसायकल बावीस वर्षं उभी होती. वयाने त्यांच्याहून दोनच वर्षांनी धाकटी. एका सकाळी ती जी बंद पडली ती पडलीच. “फिटरला हात लावू देणार नाही, मी स्वतः उघडणार, येत्या सुट्टीत,” असं साहेब तेव्हा म्हणाले होते. ती येती सुट्टी यायला निवृत्ती उजाडावी लागली.

त्यांची एकुलती एक लेक बबडी जन्मभर एकच मागत आली होती. “बाबा, ह्या गाडीवरून मला एक चक्कर!” पाच वर्षांची असताना मागितली, शाळा संपली तेव्हा मागितली, पहिली नोकरी लागली तेव्हाही मागितली. आता वर्षभरात तिची कंपनी तिला तीन वर्षांसाठी परदेशी धाडणार होती.

“बबडे, तू जायच्या आधी तुला चक्कर मारून आणली नाही ना, तर नाव बदलीन!”

वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, बशी जरा जोरातच खाली ठेवली. “अहो, कशाला त्या वाटेला जाताय? बाग करा. बागेत किती करण्यासारखं आहे!”

“बाग काय, कुणीही करतं!”

झालं! त्याच दुपारी गाडी उघडली गेली. साहेबांनी एक जाड वही घातली आणि काढलेला प्रत्येक स्क्रू तीत नोंदवला. कुठून निघाला, कुणाशेजारी होता, तोंड कुठे होतं, सगळं! आठवड्याभरात गाडीचा सांगाडा उरला आणि बाकीची गाडी स्वयंपाकघरातल्या डब्यांत जाऊन बसली. साखर पिशवीत आली, पीठ परातीत आलं, आणि साखरेच्या डब्यात बेअरिंगं आली.

एके दिवशी दुपारी बबडीचा ऑफिसातून फोन आला.

“आई, आज डब्यात काय दिलंयस?”

“तुझ्या आवडीची भाजी. का गं?”

“रॉकेल आहे! आणि रॉकेलमध्ये बुडवलेलं काहीतरी. आमचे मॅनेजर म्हणतायत, हे कार्बोरेटर असावं.”

साहेब गॅरेजमध्ये धावले. कार्बोरेटरच्या जागी भाजी होती, आणि अर्ध्या तासापूर्वी त्यांनी तिच्यावर चांगलं ओंजळभर रॉकेल ओतलं होतं! सांगायचं म्हणजे, मॅनेजरच्या डब्यावर बबडीचं त्या दिवशी भागलं, पण कार्बोरेटर घरी येईपर्यंत साहेबांनी मात्र पाणीसुद्धा घेतलं नाही.

चौथ्या महिन्यात गाडी जोडून झाली. वहीतल्या प्रत्येक नोंदीवर बरोबरची खूण झाली, एक वायसर उरला नाही! सायलेन्सर तर साहेबांनी बाहेरून इतका घासला की त्यात बघून दाढी करावी. बबडी दारात उभी राहिली. गॅरेजमध्ये कधी पाऊल न टाकणाऱ्या वहिनीही तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी किक मारली.

फुस्स!

दुसरी मारली. खोकल्यासारखा आवाज झाला आणि विरला. तिसऱ्या वेळी किक उलटी आली आणि साहेब रंगाच्या डब्यांवर जाऊन पडले. पाय टम्म सुजला.

“झाली का चालू?” वहिनींनी विचारलं.

“नाही!” साहेब जमिनीवरून ओरडले.

वहिनींनी मोठा सुस्कारा सोडला. “अरेरे!” म्हणाल्या आणि आल्याचा, दुप्पट साखरेचा चहा करून आणला. साहेबांना भरून आलं. बायको असावी तर अशी, असं त्यांना खरंच वाटलं.

गाडी पुन्हा उघडली. सातव्या महिन्यात जोडली. फुस्स! वहिनींचा सुस्कारा, चहा. पुन्हा उघडली. आता स्क्रूंचे आटे झिजले, एक बोल्ट आतच तुटला, वहीत खाडाखोड होऊन पानं फाटली. रस्त्यात लोक विचारू लागले, “काय साहेब, कुठवर आली गाडी?” साहेबांनी रस्ता बदलला. कोपऱ्यावरचा फिटर दिसला की ते समोरच्या फुटपाथवर जायचे, कारण तो बिचारा काही न बोलता नुसता हसायचा!

नवव्या महिन्यात साहेबांना साक्षात्कार झाला. इंजिनाला तेल नेणारे आणि परत आणणारे असे दोन पाइप होते. पहिल्यापासून आपण ते उलटे जोडतोय, म्हणूनच गाडी रुसलीय! वही वेगळं सांगत होती, पण पाइपांच्या बाबतीत नळसाहेबांना वहीने शिकवायचं? त्यांनी पाइपांची अदलाबदल केली, पेचकस खिशात ठेवला आणि कित्येक आठवड्यांनी रात्री पोटभर जेवले.

गाडी तरीही चालू झाली नाही.

बबडीचं जाणं रविवारवर आलं. शनिवारी सकाळी साहेब गॅरेजमध्ये पालथ्या बादलीवर बसून होते. हात काळे, नखं काळी, अकरा महिन्यांत वजन सात किलोंनी उतरलेलं. आयुष्यात लेकीने एकच गोष्ट मागितली आणि ती आपल्याला देता आली नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. नोकरीत कधी रडले नव्हते, निवृत्तीच्या समारंभातही नाही. आता रडले. मग तोंड धुतलं आणि फिटरकडे गेले.

“जरा येतोस का रे?” एवढंच म्हणाले.

फिटर आला. गाडीभोवती एक फेरी मारली. “साहेब, काम देखणं केलंत,” म्हणाला. साहेबांना किक मारायला लावून त्याने हाताचा पंजा सायलेन्सरच्या मागच्या तोंडावर धरला.

“अजून एकदा.”

साहेबांनी अजून एकदा मारली.

“साहेब, हिला श्वासच नाहीये. नळी तुंबलीय.”

“काय?”

“तुंबलीय म्हटलं. हे तर तुमचंच खातं!”

फिटरने तारेचा आकडा केला आणि सायलेन्सरच्या नळीत हातभर आत घातला. बाहेर एक रुमाल आला. मग दुसरा रुमाल. दोन्ही साहेबांचेच, कोपऱ्यात त्यांच्या आद्याक्षराची कशिदाकारी. फिटरने पुन्हा तार घातली, जोर लावला आणि काजळीने माखलेली, दोन बंद लोंबणारी एक लोकरीची वस्तू बाहेर काढली.

बबडीने ती उचलून झटकली. “हे तर बाळाचं टोपडं आहे. कुणाचं?”

“तुझं,” दारातून वहिनी म्हणाल्या.

फिटरला उगाचच खोकला आला.

“सात महिन्यांची होतीस तू,” वहिनी म्हणाल्या. “बाळाला वारा दाखवून आणतो म्हणाले आणि तुला पेट्रोलच्या टाकीवर बसवून बाजारापर्यंत नेलं ह्यांनी! एका हाताने गाडी, एका हाताने तू! परत आलात तेव्हा टोपडं एका कानावर लोंबत होतं आणि हे हसत होते. मी म्हटलं, पुन्हा न्यायचं नाही. हे म्हणाले, उद्या लांबच्या पुलापर्यंत नेतो! मग काय करणार होते मी? संध्याकाळी उलथन्याच्या दांड्याने कोंबलं सगळं.”

“बावीस वर्षं!” साहेब कसंबसं म्हणाले.

“मला वाटलं, फार तर दोन दिवस बंद राहील! तुम्ही फिटरकडे न्याल, तो काढेल, मग घरी येऊन भांडाल, तेव्हा मी पण चार गोष्टी सुनावीन. सगळं पाठ करून ठेवलं होतं मी. पण तुम्ही नेलीच नाही! म्हणे मी स्वतः उघडणार.”

“आणि हे अकरा महिने? माझा पाय सुजला तेव्हा?”

“सांगणारच होते. रोज सांगणार होते. पण एवढी वर्षं झाल्यावर सुरुवात कुठून करायची, ते कळेना. मग चहा करायचे.”

साहेबांना ओरडायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर टाकीवरचं ते सात महिन्यांचं बाळ आलं, आणि स्वतःचा तो एकच हात आला, आणि ओरडणं राहूनच गेलं. कसं नेलं आपण? साधी झोळीसुद्धा बांधली नव्हती.

“बाबा, किक तर मारा!” बबडी म्हणाली.

साहेबांनी मारली. आणि गाडी धडधडली! पहिल्या किकला! सगळं गॅरेज थरथरलं, फळीवरचे डबे नाचले, बबडीने टाळ्या पिटल्या. साहेबांनी आनंदाने मूठ पिळली, पिळली, आणखी पिळली. बावीस वर्षांनी आलेला तो आवाज पोटात जाईपर्यंत ऐकला. “बस मागे, बबडे! बस लवकर!”

बबडीने पाय टाकला आणि आतून ‘खाड्’ असा आवाज आला. इंजिन थांबलं. किक खालीच जाईना.

फिटर गुडघ्यांवर बसला. बोटाने एक पाइप पाहिला, मग दुसरा.

“साहेब, तेलाचे पाइप उलटे आहेत. इंजिन कोरडं फिरलं, जाम झालं. पहिल्यांदा जोडलीत तेव्हाही असेच होते?”

साहेबांनी वही उघडली. चौथ्या महिन्याचं पान काढलं. तिथे त्यांच्याच सुबक अक्षरात दोन्ही पाइप बरोबर होते, शेजारी बरोबरच्या खुणा होत्या.

“म्हणजे तेव्हा नुसतं टोपडं निघालं असतं तर...” साहेब म्हणाले.

“पहिल्या किकला,” फिटर म्हणाला. “वहिनींनी केलं ते दोन मिनिटांत निघालं हो. हे मात्र तुमचं आहे. ह्याला दोन महिने लागतील.”

वहिनी आत गेल्या आणि आल्याचा, दुप्पट साखरेचा चहा करून आणला. साहेबांना तेच जास्त लागलं.

रविवारी दहाला टॅक्सी येणार होती. नऊ वाजता बबडीने बॅगा दारात आणल्या, गॅरेजचं दार सताड उघडलं आणि जाऊन गाडीवर बसली.

“बाबा, माझी चक्कर.”

“अगं, बंद आहे ती.”

“चाकं फिरतायत ना? ढकला!”

साहेब मागे लागले. गाडी दीड माणसाच्या वजनाची, वर बबडी. दाराचा उंबरठा पार होईना. तेव्हा वहिनींनी पदर खोचला आणि शेजारी येऊन खांदा लावला. गाडी रस्त्यावर आली. बबडीने हँडल धरलं, मान ताठ केली, आणि तिची चक्कर सुरू झाली. दुधाची पिशवी घेऊन येणारी शेजारीण बाजूला झाली. फिटर दुकानाच्या पायरीवर उठून उभा राहिला. आज तो हसला नाही.

कोपऱ्यावरून वळताना बबडी एकदाही मागे बघत नव्हती. तिचे खांदे हलत होते, ती हसतेय की रडतेय ते साहेबांना मागून कळत नव्हतं. विचारायचं धाडस नव्हतं. तीन वर्षं म्हणजे किती महिने, हे त्यांनी मनात मोजलं आणि गाडी जरा हळू ढकलली.

शेजारी वहिनी धापा टाकत होत्या. चेहरा लाल, कपाळावर घाम, पण बावीस वर्षांत दिसल्या नव्हत्या इतक्या निवांत.

“बघा,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच ह्या वेगाने नेली असतीत, तर माझं काही म्हणणं नव्हतं!”

ह्यावर नळसाहेबांना सणसणीत उत्तर सुचलं होतं. पण समोर चढ आला.