दगूनानांची युद्धनौका

आमच्या शेजारच्या दगूनानांच्या मोरीत युद्धनौका राहते, म्हणून नाना अंघोळीला आमच्याकडे येतात. रोज सकाळी सात वाजता, खांद्यावर पंचा, हातात स्वतःचा साबण. आत गेले की नळ मोकळा सोडतात आणि मी बाहेरून ओरडते, "नाना, टाकी रिकामी होईल!" आतून उत्तर येतं, "वहिनी, दोन तांबेच घेतले!" दोन तांब्यांचा एवढा आवाज होतो, हे मला नानांमुळे कळलं.

आता युद्धनौका म्हणजे तुम्ही फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. गोठ्याच्या दाराचा तुकडा, दोन फळ्या आणि एक वाकडा खिळा. लहानपणी नाना आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा यांनी ती बांधली, धरणापलीकडच्या पोरांशी लढायला. तोफ म्हणून फुटका पाइप, दारूगोळा म्हणून सडके टमाटे. नाव ठेवलं आईचं, म्हाळसा. "तिच्याएवढं भ्यावं असं दुसरं व्हतंच कोण?" नाना विचारतात. टमाटे भरायला दोघं एकदम एकाच बाजूला गेले आणि म्हाळसा एकही गोळा न उडवता तळाला गेली. दोघं पोहत काठाला लागले, तर गोठ्याच्या दाराचा जाब विचारायला खरी म्हाळसा उभीच होती.

ही गोष्ट ऐकून आम्ही नुसते हसायचो. पण नानांच्या हाती मोबाइल आला आणि त्यात त्यांना परदेशातलं एक खोल, गार सरोवर सापडलं. तळाशी दोन जुन्या युद्धनौका, डोलकाठ्यांसकट उभ्या! पाणबुडे नुसते भोवती फिरतात, मापं घेतात, फोटो काढतात, हात म्हणून लावत नाहीत. मला ते त्यांनी अकरा वेळा दाखवलं. "वहिनी, समुद्रात लाकूड किडा खातो. गोड्या पाण्यात नाय खात! आपली म्हाळसाबी असंलच!"

मग मोहीम निघाली. माझ्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत मोबाइल आणि बॅटरी, झाकणाला मेण, बरणीला धोंडा, धोंड्याला विहिरीचा दोर. भोयाच्या होडीतून नानांनी धरणाच्या तळाचं शूटिंग केलं. बरणी नीट धुतलेली नव्हती. त्यामुळे सगळं धरण पिवळं, आणि मधोमध मोहरीचा एक दाणा. तो दाणा नाना दोन दिवस तोफगोळा म्हणून गल्लीभर दाखवत होते. टमाटे मारणाऱ्या नौकेत तोफगोळा कुठून आला, हे त्यांना कोण विचारणार?

मे महिन्यात पाणी मागे हटलं आणि गाळातून गोठ्याच्या त्या दाराचा कोपरा डोकावला. नानांना खरं तर त्या पाणबुड्यांसारखं सगळं जागेवरच ठेवायचं होतं. पण शेतासाठी गाळ न्यायला जेसीबी येऊन उभा. नाना सरळ दारावर आडवे झाले.

ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, उठा. सरपणाला दुसरं लाकूड देतो."

"सरपण? आरमार हाय हे!"

शेवटी ओल्या गोणपाटात गुंडाळून, शेवंतीची फुलं नेणाऱ्या टेम्पोतून म्हाळसा घरी आली. इतकी वर्षं भिजलेलं लाकूड एकदम वाळलं की आक्रसतं, फुटतं. म्हणून नानांनी मोरीच्या दाराला विटांचा बांध घातला आणि अख्ख्या मोरीचाच हौद केला. नळाला पाणी कमी आलं की आधी म्हाळसेला, मग चहाला. दिवसभर एकच पालुपद, "वारं लागू देऊ नका!"

त्यांची सून संगीता माझ्याकडे येऊन चिडचिड करायची. "काकू, पाहुण्यांनी मोरी विचारली की नाना त्यांना चप्पल काढायला लावतात! आणि त्या खिळ्यानं माझ्या दोन साड्या फाडल्या. सरळ करते म्हटलं, तर म्हणतात, इतिहास हाय, हात लावायचा नाय. अण्णाला एकदा दाखवली की मग चुलीत घाल."

अण्णा सायखेड्याला असतात. वर्षभरात त्यांची आठवण पार चालली आहे. आधी मुलांची नावं गेली, आणि दिवाळीला ते नानांनाच "पाव्हणं" म्हणाले. नाना आम्हाला हसत हसतच सांगत होते. पण दुसऱ्याच दिवशी माझी बरणी मागायला आले.

गेल्या आठवड्यात अण्णांना आणलं. संगीतानेच मोरीच्या दारात खुर्ची ठेवली. अण्णांनी नानांकडे बघून हात जोडले. "पाव्हणं, कुठलं गाव तुमचं?"

नानांनी खाली बसून गोणपाट बाजूला केलं. अण्णांनी वाकून पाण्यात हात घातला. बोटं गोठ्याच्या दारावरून सरकत सरकत गेली आणि खिळ्यापाशी थांबली.

"दग्या," अण्णा गुरकावले, "खिळा सरळ ठोक म्हणलो व्हतो ना? बुडवशील आपल्याला!"

"चुकलं, अण्णा," नाना म्हणाले.

चहा येईस्तोवर नाना पुन्हा पाव्हणे झाले होते.

अण्णांची गाडी गेली. आता चुलीत घालू का, असं संगीताने विचारलं नाही. तिने नळ सोडला आणि मोरी पुन्हा काठोकाठ भरली.

त्या दिवशी दुपारी नाना दुसऱ्यांदा अंघोळीला आले. साबण आणायचा राहिला होता. नळ कितीतरी वेळ मोकळा वाहत होता. टाकी रिकामी झालीच असणार. मी काही ओरडले नाही.