नाताळाची रंगीत तालीम

सांगून ठेवतो, नियोजनात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी. आग लागली तर चारशे कामगारांना चार मिनिटांत फाटकाबाहेर कसं काढायचं, याची तालीम मी दर तीन महिन्यांनी घेतो. नियम एकच: ही तालीम आहे हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की लोक चहा संपवून रमतगमत निघतात.

गेल्या नाताळात आमचा खर्च इतका हाताबाहेर गेला की जानेवारीभर आम्ही बटाटे खाल्ले. म्हणून यंदा जूनपासून मी एका डब्यात पैसे साठवले आणि नोव्हेंबर लागताच बायकोला बेत सांगितला.

"आपण नाताळाची तालीम घ्यायची!"

"कसली?"

"अगं, अकरा पाहुणे नेमकं किती खातात हे कळल्याशिवाय अंदाज कसा बांधणार? एकदा सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं आणि मोजायचं. डिसेंबरात एक पैसा वाया जाणार नाही!"

"आणि तालमीचा खर्च?"

"तो किरकोळ असतो गं!"

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

मी सगळ्यांना निरोप धाडला: 'यंदा आमचा नाताळ सोळा नोव्हेंबरला, संध्याकाळी सात वाजता. नक्की या. कारण विचारू नका.' दादालाही धाडला. आमचा चार वर्षं अबोला होता, तोही एका शिडीवरून! त्याने नेलेली शिडी परत केली नाही, आणि मी ती चारचौघांत मागितली. खरं सांगायचं तर नाताळाचा सगळा खटाटोप मी त्याच्यासाठीच मांडला होता. तो येईल अशी आशा मात्र नव्हती.

सोळा तारखेला पावणेसातलाच मावशी हजर! कारखान्यात भोंगा वाजवूनही कुणी इतकं वेळेवर येत नाही. मी थक्क झालो. मावशीने माझा चेहरा ओंजळीत धरला.

"किती रे हसतमुख आहेस! मला नसतं बाई जमलं."

शेजारचे निवृत्त पोस्टमन तोवर माझ्याशी 'हं' पलीकडे बोलले नव्हते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "धीराचे आहात!" मला वाटलं, झाडावर दिवे लावताना मी स्टुलावरून पडलो होतो, त्याबद्दल म्हणत असतील.

सगळे माझ्याकडे भारावून बघत होते, डोळे पुसत होते आणि जेवत होते. रडता रडता माणूस इतकं खाऊ शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं! तीन कोंबड्या गेल्या, दोन केक गेले. मी कोपऱ्यात उभा राहून कोण किती वाढून घेतोय ते वहीत टिपत होतो.

"शेवटपर्यंत हिशेबाला चोख," मावशी पुटपुटली आणि तिला पुन्हा हुंदका आला.

एवढ्यात घंटा वाजली. दार उघडलं तर दादा! खांद्यावर शिडी, तीन मजले चढून घामाघूम. हा माणूस माझ्या दारात! तालमीचा केवढा हा प्रभाव!

"घे तुझी शिडी," तो म्हणाला. "आणि मला माफ कर. डॉक्टरांनी नाताळापर्यंतचीसुद्धा खात्री दिली नाही का रे?"

"कुठले डॉक्टर?"

"मग महिनाभर आधी नाताळ कोण करतं?"

अकरा जणांचे घास हातातच थांबले. आता एकदा बारीकसं खोकावं, असं क्षणभर माझ्या मनात आलंही, खोटं कशाला बोलू! पण बायको मागेच उभी होती.

"सांगा आता," ती म्हणाली.

"ही... तालीम होती."

"म्हणजे तू मरत नाहीयेस?"

"नाही रे, दादा."

दादा मटकन खुर्चीत बसला आणि ढसाढसा रडला. मग उठला, डोळे पुसले, शिडी खांद्यावर टाकली आणि चालता झाला. त्याच्या मागोमाग सगळेच निघाले. मावशीने आणलेली भेटसुद्धा परत नेली! घरात उरला रिकामा डबा आणि अकरा जणांची भूक नेमकी किती, याची बिनचूक माहिती.

पंचवीस डिसेंबरला मला सडकून ताप भरला. मी सगळ्यांना निरोप धाडला: 'आजारी आहे, भेटायला या.' पोस्टमनांचं उत्तर आलं, "या वेळी काय मोजताय?" मावशीने तर उत्तरच दिलं नाही. खऱ्या आगीला कुणीच धावलं नाही, आणि चूक सर्वस्वी माझी होती.

सात वाजता घंटा वाजली. दादा एकटाच आला होता. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"खरा आहे," तो बायकोला म्हणाला. "तरी म्हटलं, बघून यावं."

एवढं करूनही माझा भाऊ आला होता! घरात खायला म्हणाल तर माझ्यासाठी केलेलं वाटीभर सूप. दादाने खुर्ची पलंगाजवळ ओढली, वाटी घेतली, चमचा भरून हळूच फुंकर घातली. मी भरल्या डोळ्यांनी तोंड उघडलं.

"तू पडून राहा," सूप स्वतः पीत दादा म्हणाला. "तापात भूक नसते माणसाला."